चिमणीची झोप आणि माझा प्रयोग

आमच्या धाकटीला घरात चिमणी म्हणतात. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी पक्ष्यांच्या सवयींचा अभ्यास केलेला नव्हता. खरी चिमणी उजाडायच्या आत उठून आरडाओरडा सुरू करते. आमची चिमणी उजाडल्यावर उठत नाही, हाक मारून उठत नाही, पांघरूण ओढून उठत नाही, आणि दंडाला धरून उठवलीच तर भिंतीला टेकून उभ्या उभ्या पुन्हा झोपते. ती दात घासत असते तेव्हा आई तिच्या मागे उभी राहते. कारण एकदा ती ब्रश तोंडात धरून हळूहळू मागे कलली आणि पाण्याच्या बादलीत बसली. बादलीत बसूनही तिला जाग आली नाही, हे मला शास्त्रीयदृष्ट्या फार महत्त्वाचं वाटलं. आईला तसं वाटलं नाही.

चिमणीची शाळा सकाळी सातला भरायची. फाटकावर पीटीचे सर शिट्टी घेऊन उभे. शिट्टी वाजली की फाटक बंद, आणि जे बाहेर राहिले त्यांच्या नावापुढे उशिराची खूण. अशा तीन खुणा म्हणजे एक गैरहजेरी. चिमणी यंदा दहावीला. ती रोज शाळेत जायची, रोज शाळेतून यायची, पण शाळेच्या हिशेबात ती जवळजवळ आलेलीच नव्हती. शेवटी बाबांना बोलावणं आलं. परत आले ते बूट न काढताच खुर्चीत बसले.

"आणखी गैरहजेऱ्या लागल्या तर परीक्षेला बसू देणार नाहीत," ते म्हणाले. "मुख्याध्यापिका बाईंनी तोंडावर सांगितलं. वर्ष जाणार हिचं."

चिमणी समोरच होती. तिच्या गालावर पट्टीचे आकडे उलटे उमटले होते. गणिताच्या तासाला पट्टीवर गाल टेकला असावा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी खरंच प्रयत्न करते गं. मला गजर ऐकूच येत नाही. तो वाजतो हे मला तुम्हीच सांगता."

मी शिकलेली नसते तर हे प्रकरण इथेच, म्हणजे चिमणीला बोलणी बसून, मिटलं असतं. पण पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षं मी फळमाश्यांच्या झोपेवर काढली आहेत. सध्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तात्पुरती शिकवते. ('तात्पुरती' हा शब्द बाबा पाहुण्यांसमोर जरा हळू उच्चारतात.) तेव्हा माझ्यातली संशोधक जागी झाली.

"बाबा, हा आळस नाही," मी म्हणाले. "या वयात शरीरातलं घड्याळच मागे पडतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवतं. त्यामुळे रात्री झोप लवकर येत नाही आणि सकाळी जाग येत नाही. तिला सातला शाळेत बसवणं म्हणजे तुम्हाला पहाटे चारला ऑफिसात बसवण्यासारखं आहे."

"घड्याळ मागे पडलंय ना? मग घड्याळजीकडे ने."

"बाबा, घड्याळ नाही, शाळेची वेळ चुकीची आहे. ती बदलायला हवी."

हे वाक्य मी सहज बोलून गेले. बोलताना ते फार लहान वाटलं होतं.

मुख्याध्यापिका बाईंनी मला ओळखलं, कारण मी त्याच शाळेची. बसायला सांगितलं, चहा मागवला. मी आलेख काढून नेला होता. किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, इथपासून मी सुरुवात केली. बाई मान डोलवत होत्या. मी मेलाटोनिनपर्यंत पोचले तेव्हा त्यांनी मोठी जांभई दिली.

"माफ कर हं. मी साडेचारला उठते. गेली कित्येक वर्षं. मला काही होत नाही," बाई म्हणाल्या आणि चहा ढवळून झाल्यावर चमचा पेनांच्या भांड्यात ठेवला.

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. इमारत एक आणि शाळा दोन. सकाळी माध्यमिक, दुपारी प्राथमिक. "मोठ्या मुलांना मी नऊला बोलावलं तर ती सुटेपर्यंत लहान पोरं कुठे बसवू? गच्चीवर?"

बाईंनी हे उपरोधाने विचारलं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायची मला सवय आहे, म्हणून जाताना मी गच्ची पाहून आले. पाण्याची टाकी सोडली तर बरीच जागा होती. हे सांगायला मी परत त्यांच्या खोलीत गेले. त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. तिथे बोल. पालकांना पटलं तर बघू." मला आज कळतं की हे त्यांनी मला घालवून द्यायला म्हटलं होतं.

सभेपर्यंतचा आठवडा शेजाऱ्यांनी वाटून घेतला. समोरच्या काकू रोज दार उघडं दिसलं की आत यायच्या.

"हे काय ऐकतेय मी? तू म्हणे माश्यांच्या झोपेचा अभ्यास केलास?"

"हो काकू."

"माश्या झोपतात?"

"झोपतात."

"कधी? माझ्या ओट्यावर तर चोवीस तास ड्यूटीवर असतात." मग आवाज खाली आणून, "मोबाइल काढून घे तिचा. सगळं त्यातच आहे. आमच्या पोराचा काढून घेतला होता मी."

"मग लवकर उठायला लागला?"

"नाही. पण मोबाइल तरी मिळाला."

खालच्या मजल्यावरच्या साहेबांना निवृत्त होऊन बराच काळ झाला असला तरी इमारतीत त्यांना साहेबच म्हणतात. त्यांचं मत असं की झोप ही मुळात गरज नसून सवय आहे. "आम्ही पहाटे चारला उठायचो. कंदिलाच्या उजेडात अभ्यास!" मी नम्रपणे विचारलं की मग झोपायचे कधी. "आठला. दिवेच नव्हते, करणार काय!" म्हणजे आठ तास झाले. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. तेव्हापासून ते माझ्याशी जिन्यात बोलत नाहीत.

सर्वांत अनपेक्षित विरोध व्हॅनवाल्या काकांचा होता. "ताई, एक सांगू का? झोपलेलं पोर मऊ असतं. कुठेही बसवा, कसंही दुमडा. जागं पोर कोपर काढून बसतं. तुम्ही यांना झोप पूर्ण करून पाठवलंत तर माझ्या व्हॅनमध्ये निम्मी पण मावायची नाहीत." इतका प्रामाणिक आणि मोजता येण्याजोगा आक्षेप मला नंतर कुणीच घेतला नाही.

सभेला हॉल भरलेला होता. साहेबही आले होते. त्यांचं कुणीच त्या शाळेत नव्हतं, पण कुठेही सभा आहे म्हटलं की त्यांना घरी बसवत नाही. मी पडद्यावर पहिलं चित्र लावलं. मोठी करून दाखवलेली फळमाशी, विश्रांतीच्या अवस्थेत. मागून एका बाबांनी विचारलं, "ही दहावीची का?"

हॉल इतका हसला की पुढची दहा मिनिटं मी काय बोलले ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. हसणं ओसरलं तेव्हा मी आलेखावर होते आणि प्रश्न सुरू झाले. उशिरा उठायची सवय लागली तर पुढे नोकरीत काय करतील? सकाळी मुलं घरी असतील तर त्यांच्याकडे कोण बघणार? डबा किती वाजता करायचा? पीटीचे सर उभे राहून म्हणाले, "शाळा उशिरा भरली तरी उशिरा येणारी उशिराच येणार. माझी शिट्टी तयार आहे." त्यांना टाळ्या मिळाल्या. मला अजून एकही मिळाली नव्हती. पहिल्या रांगेत बाबा बसले होते; ते बुटाच्या नाडीकडे बघत होते.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. प्राथमिकच्या पालक. "माझी दोन्ही लेकरं पहाटे उठून माझ्या पोटावर उड्या मारतात," त्या म्हणाल्या. "दुपारी शाळेची वेळ झाली की पेंगायला लागतात. मोठ्यांना सकाळी झोप हवीय तर द्या ना! आमची पोरं घ्या सकाळी. घ्याच!"

 मग प्राथमिकच्या सगळ्या आया एकदम बोलायला लागल्या. लहान मुलं लवकर उठतात, मोठी उशिरा. दोन्ही शाळांच्या वेळा फक्त अदलाबदल करायच्या. गच्ची नको, नवी इमारत नको, काही नको. इतकं सुटसुटीत उत्तर मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं. हात वर झाले. मुख्याध्यापिका बाईंनी ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नाही. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "बरी बोललीस." आमच्या घरात ही अतिशयोक्ती समजतात.

आता फक्त शिक्षण कार्यालयाची परवानगी. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "मला शाळा सोडून येता येत नाही. तू जाऊन ये ना, तुला वेळ असतो." हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं असं मी धरून चालते.

मी दहाला पोचले. खालच्या मजल्यावरच्या कारकुनांनी कागद उलटून पाहिला. "हा वेळेचा विषय. आमच्याकडे इमारती. वेळ वर." वरचे म्हणाले, "वेळ आमच्याकडे, बरोबर. पण शाळांची अदलाबदल म्हणजे इमारतीचा वापर बदलला. तो विषय खाली." मी खाली गेले. खालचे म्हणाले, "इमारत हलतेय का? नाही ना? मग वर." चौथ्या फेरीला जिन्याच्या मधल्या पायरीवर मला दोघेही चहाला जाताना एकत्र भेटले. "तुमचं काम झालं का?" दोघांनी एकदम, अगदी आपुलकीने विचारलं.

सही करणारे मोठे साहेब अकरानंतर आले. खोलीत शिरताना म्हणाले, "सकाळी माझं डोकंच चालत नाही हो. लवकर येऊन उपयोग काय? चुका होतात." मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. इतका समंजस श्रोता मला पहिल्यांदाच मिळत होता. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण मुलांना शिस्त पाहिजे. लवकर उठायची सवय नको का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते घड्याळाकडे बघत राहिले. मग बहुधा जेवणाची वेळ जवळ आल्यामुळे त्यांनी सही केली: 'एका सहामाहीपुरते, प्रायोगिक तत्त्वावर.' प्रायोगिक! हा शब्द वाचून मला भरून आलं. रिक्षात मी तो परत परत वाचला.

पहिला आठवडा मी विसरणार नाही. माध्यमिकची शाळा दुपारी बाराला भरू लागली. पहिल्या सकाळी चिमणी आपणहून उठली. गजर नाही, हाक नाही. बाहेर येऊन खुर्चीत बसली, चहा घेतला, आणि खिडकीबाहेर बघून म्हणाली, "ताई, हे झाड कधी लावलं?"

ते झाड तिच्या जन्माआधीपासून तिथे आहे.

तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं फिकी पडली. सकाळी सकाळी ती पूर्ण वाक्यं बोलू लागली. आई घाबरली, तिने चिमणीचा ताप मोजला. फाटकावर पीटीचे सर शिट्टी हातात घेऊन उभे राहायचे आणि कुणी उशिरा येईना म्हणून खिन्न व्हायचे. समोरच्या काकू म्हणाल्या, "माश्यांवरून एवढं कळतं, तर झुरळांवरून काय काय कळेल!" मी वरवर नम्र होते. आतून मी पुरस्काराच्या भाषणाची पहिली दोन वाक्यं ठरवून ठेवली होती.

दुसऱ्या आठवड्यात क्लासवाले सर आले.

म्हणजे ते घरी आले नाहीत. त्यांची सूचना आली. चिमणीचा क्लास पूर्वी दुपारी, शाळा सुटल्यावर असायचा. आता दुपारी शाळा. तेव्हा क्लास सकाळी हलला. एवढं मला अपेक्षित होतं. आठला असेल, नऊला असेल, असं मी धरलं होतं. पण सरांनी सकाळच्या तीन बॅचेस केल्या आणि सर्वांत पहिलीला 'निवडक विद्यार्थ्यांची बॅच' असं नाव दिलं. ती पहाटे साडेपाचला होती. निवडीचा निकष असा की जो तिला यायला तयार होईल तो निवडक.

त्या बॅचसाठी पालकांची झुंबड उडाली. सभेत माझ्यासाठी हात वर करणारे तेच हात आता क्लासच्या दारात एकमेकांना ढकलत होते. एक गृहस्थ जिन्यावरून पडले, पण प्रवेश घेऊनच उठले. संध्याकाळी बाबा घरी आले ते छाती पुढे काढून.

"मिळाली! साडेपाचची! समोरच्यांच्या भाचीला आठची मिळाली बिचारीला."

"बाबा!" मी ओरडलेच. "मी शाळा कशासाठी पुढे ढकलली?"

"म्हणूनच तर! सकाळ अख्खी रिकामी झाली. ती काय झोपण्यात घालवायची?"

मी त्यांना पुन्हा मेलाटोनिनपासून सांगायला घेतलं. बाबा म्हणाले, "अगं, ते सगळं बरोबर आहे. तुझं शास्त्र चुकीचं आहे असं मी म्हणतच नाही. पण बाकीची मुलं साडेपाचला जाणार आणि आपली झोपणार, हे कसं दिसतं?"

यावर कुठल्याही नियतकालिकात उत्तर छापून आलेलं नाही.

एक गोष्ट बदलायची तर बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या, हा प्रयोगाचा पहिला धडा. प्रयोगशाळेत मी तो कधी चुकले नाही. काचेच्या नळीत माशी ठेवायची, दिवा कधी लावायचा ते ठरवायचं, आणि मग माशी जे करेल ते लिहून घ्यायचं. माशीला क्लास नसतो. शेजारच्या नळीतली माशी साडेपाचच्या बॅचला जाते म्हणून आपल्या माशीला ढोसून उठवणारे आईबाप त्या नळीत नसतात. मी चिमणीच्या शरीरातलं घड्याळ अभ्यासलं आणि बाबांच्या डोक्यातलं विसरले.

शाळा आता संध्याकाळी सुटायची, म्हणून गृहपाठ रात्री लांबला. झोपायला उशीर, उठायला पूर्वीपेक्षा लवकर. माझ्या प्रयत्नांच्या आधी चिमणीला जेवढी झोप मिळत होती तेवढीही आता मिळेना. आई पुन्हा बादलीच्या बाजूला उभी राहू लागली.

मी क्लासवाल्या सरांना भेटायला गेले. क्लासच्या दारावर मोठा फलक होता आणि त्या फलकावर माझा आलेख होता. सभेत कुणीतरी फोटो काढला असावा. आलेख उलटा छापला होता, त्यामुळे त्यावरून मेंदू पहाटे साडेपाचला सर्वांत तल्लख असतो हे निर्विवाद सिद्ध होत होतं. खाली लिहिलं होतं: 'झोपेच्या शास्त्रज्ञांनी मान्य केलेली वेळ.'

"या, या मॅडम!" सर खुर्चीतून उठले. "तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. इतकी वर्षं आमच्या क्षेत्राला सकाळ मिळतच नव्हती. तुम्ही मिळवून दिलीत."

"सर, तुमचा आलेख उलटा आहे."

"असं?" त्यांनी बाहेर येऊन मान वाकडी करून पाहिलं. "पण असा जास्त छान चढता दिसतो."

तिथून मी मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. त्या इतक्या आनंदात होत्या की त्यांनी मला बोलूच दिलं नाही. उशिराच्या खुणा शून्य! गैरहजेरी जवळपास नाहीच! मुलं क्लासमधून उठून अकरालाच फाटकाशी येऊन थांबतात! "आणि तुमची धाकटी तर एक दिवस चुकलेली नाही. परीक्षेची काळजीच मिटली."

"बाई, तुम्ही वर्गात जाऊन बघितलंत का? सगळी झोपलेली असतात."

"झोपलेली असतील," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण हजर असतात. आधी घरी झोपायची."

घरी येऊन मी चिमणीला म्हटलं, निदान परीक्षेला तरी बसू देतील. ती वहीवर डोकं ठेवून होती. डोळे न उघडता म्हणाली, "बसेन गं ताई. बसायचं काय, बसेनच. पण पेपर संपेपर्यंत जागी राहीन का?" ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मला साधं टाकूनही बोलली नाही. उलट म्हणाली, "तो पहिला आठवडा मस्त होता मात्र."

मग सत्काराचं पत्र आलं. प्रयोग यशस्वी झाल्याबद्दल शाळेत समारंभ, कार्यालयाचे मोठे साहेब प्रमुख पाहुणे, आणि त्यांच्या हस्ते माझा गौरव. त्याच समारंभात नवी वेळ कायम झाल्याची घोषणा. मी ठरवलं, सगळ्यांच्या समोर खरं सांगायचं. प्रयोग फसला तर फसला म्हणायचं, एवढी तरी शास्त्राची लाज राखायची. आई म्हणाली, "साडी नेसून जा."

दुपारची वेळ. हॉलमध्ये पुढच्या रांगांत दहावीची मुलं, मागे पालक. मोठ्या साहेबांचं भाषण झालं, शिस्तीवर. मला फुलांचा गुच्छ मिळाला. मग मला बोलायला सांगितलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि ठामपणे, मोठ्याने म्हणाले, "हा प्रयोग पूर्णपणे फसला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठे साहेब शेजारच्या मुख्याध्यापिका बाईंना म्हणाले, "काय विनय आहे!"

त्या टाळ्यांनी पहिल्या रांगेत चिमणी दचकून उठली. तिने एकदा इकडेतिकडे पाहिलं, काही समजलं नाही, आणि तिची मान शेजारच्या मैत्रिणीच्या खांद्यावर परत गेली. मैत्रीण आधीच तिसरीच्या खांद्यावर होती. अख्खी रांग एका बाजूला कलली होती. तिच्या मागची रांगही. हॉलमधले पंखे संथ फिरत होते. मी पुढे बोलणार होते ती वाक्यं कडक होती, आवाज चढवून म्हणायची होती. त्यांच्यावरही टाळ्या आल्या असत्या. साडेपाचची बॅच उद्याही होतीच. माझ्या बोलण्याने ती एक मिनिटही पुढे सरकणार नव्हती. कार्यक्रम संपला की मुलांना पुढच्या तासाला जायचं होतं. संपला की.

मी माइक तोंडाजवळ आणला आणि आवाज अगदी खाली आणला.

"सर्वप्रथम," मी म्हणाले, "मी आभार मानते."

मी मुख्याध्यापिका बाईंचे आभार मानले. त्यांच्या साडेचारला उठण्याचे वेगळे मानले. खालच्या मजल्यावरच्या कारकुनांचे मानले, वरच्या मजल्यावरच्यांचे मानले, मधल्या जिन्याचा उल्लेख केला. शब्दांच्या मध्ये मोकळी जागा सोडली. दुसऱ्या रांगेत कुणीतरी घोरू लागलं. पीटीचे सर भिंतीजवळून पुढे सरकले. त्यांनी शिट्टी ओठांशी नेलीच होती. मी त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि आपले पीटीचे सर." त्यांनी शिट्टी खाली घेतली आणि ताठ उभे राहिले. ज्याचे आभार चालू आहेत त्याला शिट्टी वाजवता येत नाही. मी त्यांच्या आवाजाचे, त्यांच्या चालण्याचे, फाटकाशी असलेल्या त्यांच्या नात्याचे आभार मानले. मग व्हॅनवाले काका. मग आमच्या इमारतीतले निवृत्त साहेब, ते तर डोळे पुसत होते.

क्लासवाले सर घड्याळ बघू लागले. मोठ्या साहेबांची हनुवटी गुच्छावर टेकली. मुख्याध्यापिका बाईंनी 'आवरतं घ्या' अशी चिठ्ठी पाठवली. मी चिठ्ठीबद्दल त्यांचे आभार मानले. बाबा तिसऱ्या रांगेतून 'पुरे' अशी खूण करत होते. आई त्यांच्या शेजारीच होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, चिमणीकडे बघत होती. मग तिने बाबांचा हात धरून खाली ठेवला, आणि माझ्या दिशेने तळवा हळूच हलवला. सावकाश.

मी पाण्याचा एक घोट घेतला आणि ज्यांनी या इमारतीचा पाया खणला त्यांच्याकडे वळले.